गिऱ्हाईक वेबसाइट अर्ध्यात का सोडतं? सोलापूरच्या दुकान-कारखान्यांसाठी दुरुस्तीचा क्रम

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची वेबसाइट मी काही वर्षांपूर्वी बनवली. मालकांच्या केबिनमध्ये भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि ती दाखवली. फोटो झोकात सरकत होते, लोगो गरगर फिरून जागेवर बसत होता. मालक खूश झाले, चहा आला, चेकही लगेच मिळाला. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, "अहो, हुबळीचा व्यापारी म्हणतोय, उघडेना की ओ ही साइट! फोटो व्हॉट्सॲपवर टाका म्हणतोय."

साइट उघडत होती, पण केबिनमधल्या वायफायवर. तो व्यापारी बाजारात उभा, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तीन वर्षं वापरलेला फोन. त्याच्यासाठी ती साइट नव्हतीच.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. बहुतेक चुका डिझायनरला काम येत नाही म्हणून होत नाहीत. साइट मंजूर कोण करतं आणि कशावर बघून करतं, घोळ तिथेच असतो. मंजुरी मोठ्या स्क्रीनवर मिळते आणि वापर चालत्या एसटीत होतो. म्हणून खालचा सगळा क्रम गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनपासून सुरू होतो. चादरीचं दुकान असो, गणवेशाचा कारखाना असो की शेंगा चटणीचा घरगुती व्यवसाय, एक दुपार मोकळी काढा आणि वही-पेन घेऊन बसा. ज्याने साइट बनवली त्याला त्या दिवशी बोलावू नका. तो बाजू मांडत बसेल.

आधी फोन उसना घ्या

तुमचा फोन चालणार नाही. तो चांगला असतो, शिवाय त्यात तुमची साइट आधी उघडलेली असते, त्यामुळे फोटो साठवलेले असतात आणि सगळं पटकन दिसतं. दुकानातल्या मुलाचा साधा अँड्रॉइड फोन मागून घ्या. वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा आणि दुकानाबाहेर या. नवी पेठेत गर्दीच्या वेळी उभे राहिलात तर उत्तम. ब्राउझरची खासगी (इनकॉग्निटो) खिडकी उघडून पत्ता टाका आणि मनात आकडे मोजा.

पत्ता टाकताच वर "सुरक्षित नाही" असं दिसलं तर पहिली नोंद तीच करा. क्रोमने जुलै २०१८ पासून कुलूप नसलेल्या, म्हणजे एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक साइटवर हा शिक्का मारायला सुरुवात केली. त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र आता फुकट मिळतं. होस्टिंगवाला, म्हणजे साइट ठेवायला इंटरनेटवर जागा देणारा, त्याचे पैसे मागत असेल तर होस्टिंगवाला बदलायचा विचार करा.

मग घरी येऊन गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल बघा. डेस्कटॉपचा निकाल बहुतेकदा चांगला येतो, डिझायनर तोच दाखवतो. तिथे तीन मुख्य मोजमापं असतात. पानावरचा मुख्य भाग दिसायला लागणारा वेळ २.५ सेकंदांच्या आत हवा. बोट लावल्यावर पानाने हालचाल दाखवायला लागणारा वेळ २०० मिलिसेकंदांच्या आत हवा. हे माप मार्च २०२४ पासून अधिकृत झालं. तिसरं माप पान वाचताना किती हलतं त्याचं, ते ०.१ च्या आत हवं. छोट्या साइटला वरच्या भागात "पुरेशी माहिती नाही" असं येतं, त्याने गडबडून जाऊ नका. येणारी माणसं कमी असली की खऱ्या वापराची आकडेवारी जमत नाही. खालची चाचणी बघा, ती कोणत्याही साइटला मिळते.

त्या तिसऱ्या मापाबद्दल थोडं. "फोन करा" वर बोट टेकवणार तेवढ्यात वरून एक बॅनर उतरतो, सगळं खाली सरकतं आणि बोट पडतं भलत्याच ठिकाणी. राग यायला एवढं पुरतं. इलाज मात्र साधा आहे: प्रत्येक फोटोची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहून ठेवायची, म्हणजे फोटो यायच्या आधीच ब्राउझर जागा राखून ठेवतो.

फोटोंचं वजन करा

कापडाच्या धंद्यात फोटो लागतातच. सोलापुरी चादरीचं नक्षीकाम शब्दांत सांगून चादर विकत नाही. पण फोनने काढलेला फोटो जसाच्या तसा साइटवर चढवला की तीन-चार एमबीचा असतो. पहिल्या पानावर चार एमबीचे सहा टाकले तर झाले २४ एमबी. गिऱ्हाइकाला सेकंदाला दोन मेगाबिट वेग मिळत असेल तर हे सगळं उतरायला दीड मिनिटाहून जास्त लागतं. दीड मिनिट! तेवढ्यात तो तीन दुकानांना फोन लावतो.

गंमत अशी की एवढ्या मोठ्या फोटोचा फोनला उपयोगच नसतो. साध्या फोनची स्क्रीन साधारण ७२० ते १०८० ठिपके (पिक्सेल) रुंद असते. चार हजार ठिपक्यांचा फोटो तिथे आला की फोन तो दाबून लहानच करतो. तेव्हा आधीच लहान करून पाठवा. क्रम असा:

१. फोटोची रुंदी १२०० ठिपक्यांवर आणा.
२. तो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवा. स्कूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं; डावीकडे मूळ, उजवीकडे लहान केलेला, मधली रेघ सरकवून फरक बघता येतो. दर्जा ७५च्या आसपास ठेवला की बहुतेक फोटो शंभर-दीडशे केबीत बसतात.
३. विणकाम जवळून दाखवणारा एकच मोठा फोटो वेगळा ठेवा. तो बोट लावल्यावरच उघडू द्या.
४. खालचे फोटो गिऱ्हाईक खाली गेल्यावर उतरावेत अशी सोय डेव्हलपरकडून करून घ्या. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र ही युक्ती लावायची नाही, नाहीतर तोच उशिरा दिसतो. ही चूक मी स्वतः केली आहे.

सहा फोटो एकशेवीस केबीचे धरले तर एकूण एमबीही भरत नाही आणि त्याच वेगाला तीन सेकंदांत काम होतं. नवं होस्टिंग नको, नवी साइटही नको.

फोटो लहान करता करता प्रत्येकाखाली मालाचा नंबर लिहून टाका. "तो निळा, त्याच्या शेजारचा" असं फोनवर बोलणं थांबतं.

वर काय दिसतं ते लिहून काढा

खाली न सरकता उसन्या फोनवर जे दिसतं ते शब्दशः वहीत उतरवा. बहुतेक वेळा उतरतं ते असं: लोगो, "आपले सहर्ष स्वागत आहे", सूर्योदयाचा कुठून तरी घेतलेला फोटो, "गुणवत्ता हीच आमची ओळख". माल काय, गाव कुठलं, घाऊक की किरकोळ, यातलं काहीच नाही.

घाऊक व्यापाऱ्याला काय हवं असतं ते त्यालाच विचारा. टॉवेलवाला आधी माप विचारतो (तीस बाय साठ आहे का?), मग जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, मग कमीत कमी किती नग घ्यावे लागतील आणि माल कधी निघेल. गणवेशवाल्याला साइजचा तक्ता आणि कापडातलं कॉटनचं प्रमाण हवं असतं. त्यातली पहिली दोन उत्तरं वरच्या पडद्यावर आली पाहिजेत. स्वागत दारात माणूस असला की करायचं, साइटवर त्याला जागा नाही.

आपोआप सरकणारी चित्रपट्टी काढून टाका. मालकांना ती फार आवडते, कारण त्यांना सगळंच पहिल्या पानावर हवं असतं. पण पहिलं वाचेपर्यंत दुसरं येतं आणि दुसरं बघायला कोणी थांबत नाही. एक चांगला फोटो लावा आणि हलवू नका.

मेनूत पाचापेक्षा जास्त गोष्टी नकोत. "आमचे व्हिजन" आणि "संचालकांचे मनोगत" यांना तिथे बसवून दरपत्रक तिसऱ्या पायरीवर लपवलेली साइट मी गेल्याच महिन्यात पाहिली.

मराठी अक्षरं

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण डिझाइनवरचे बहुतेक सल्ले रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. आपण रोमनसाठी बनवलेली टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, घेतो आणि आत मराठी ओततो.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे मजकुराचं चित्र. छापखान्यात जाहिरात श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉण्टमध्ये जुळवलेली असते. त्या फॉण्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉण्ट नसलेल्या फोनवर निव्वळ गिचमिड दिसते. मग डिझायनर शॉर्टकट मारतो, सगळी जाहिरात एक जेपीजी करून लावतो. आता गूगलला त्यातलं "सोलापूर" नीट सापडत नाही, दृष्टिहीन माणसाचं स्क्रीन रीडर ती वाचत नाही, फोन नंबर कॉपी होत नाही आणि मोठं केलं की अक्षरं धुरकट होतात. उपाय एकच: मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक फोनला कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, टाइप करून घ्या. जुन्या मजकुरासाठी कन्व्हर्टर आहेत, पण रूपांतर झाल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ तिथेच घसरतात.

मग ही परीक्षा घ्या. तुमच्या साइटवर एखाद्या चाचणी-पानावर "गिऱ्हाईक, ॲडव्हान्स, वाङ्मय, क्लृप्ती, दुसऱ्याच्या" एवढे शब्द टाका आणि तीन वेगवेगळ्या फोनवर बघा. ऱ्य तुटला, ॲ च्या जागी चौकोन आला किंवा पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसली तर फॉण्ट बदला. "मुक्त" आणि "नोटो सॅन्स देवनागरी" हे दोन्ही फॉण्ट मोफत आहेत आणि यात सहसा अडखळत नाहीत. मात्र देवनागरी फॉण्टची फाइल रोमनपेक्षा जड असते, कारण जोडाक्षरांची रूपं वेगळी भरावी लागतात. म्हणून बारीक, मध्यम, जाड, अतिजाड अशी सगळी वजनं उतरवू नका, दोन पुरतात. शिवाय फॉण्ट येईपर्यंत फोनमधल्याच अक्षरांत मजकूर दिसू द्यावा, असं डेव्हलपरला सांगा. नाहीतर काही सेकंद पान कोरं राहतं.

शीर्षकांकडे बघा. रोमन टेम्प्लेटमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन आहे. मराठीला ते लावलं की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि "सोलापूर" हा शब्द दोरी तुटलेल्या तोरणासारखा दिसतो. ते अंतर शून्यावर आणा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा. रोमनला १.३ पट चालून जातं. आपल्याकडे वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे १.६ ते १.८ हवं. अक्षराचा आकार १७-१८ पिक्सेलच्या खाली नको. तिरपी अक्षरंही टाळा, देवनागरीला ती कधी शोभलीच नाहीत.

एक बारीक गोष्ट सांगतो, हवं तर माझा छंद म्हणा. मराठीतला ल पाकळीचा आणि श देठाचा. २००९च्या शासन निर्णयातही हीच रूपं दिली आहेत. पण पानाची भाषा हिंदी लिहिलेली असली किंवा लिहिलेलीच नसली, तर अनेक फॉण्ट हिंदी वळणाचे ल-श दाखवतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण घातली की नोटोसारखे फॉण्ट आपली रूपं दाखवू लागतात. स्क्रीन रीडरलाही त्या खुणेवरूनच कळतं, मराठीत वाचायचं.

भाषांची निवड देत असाल, आणि तेलुगू-कन्नड-उर्दू कानांवर पडणाऱ्या या गावात ती द्यावीच, तर प्रत्येक भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीत लिहा. झेंडे नकोत. हैदराबादच्या गिऱ्हाइकाला न विचारता दुसऱ्या भाषेत ढकलूही नका.

रंगांचं काय? फिकट करड्यावर पांढरं, सोनेरीवर पिवळं असं काही असेल तर एप्रिलच्या दुपारी सात रस्ता चौकात उभं राहून वाचून बघा. सोलापूरचं ऊन हा फुकटचा परीक्षक आहे. मोजूनच हवं असेल तर साइट अपंगांसह सगळ्यांना वापरता यावी म्हणून ठरवलेल्या जागतिक सुलभता निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध (कॉन्ट्रास्ट) ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांचा ३ ला १ लागतो. रंगांचे कोड टाकून हे तपासणारी साधनं मोफत आहेत.

अंगठ्याने चालवून बघा

फोन एका हातात धरा आणि फक्त अंगठ्याने साइट चालवा. २०२३मध्ये आलेल्या सुलभता निकषांच्या २.२ आवृत्तीत बटणाला किमान २४ बाय २४ पिक्सेल जागा सांगितली आहे, पण ती अगदी कमीत कमी. मी ४८ ठेवतो. नाजूक बोटांसाठी नाही, यंत्रमागावर काम करणाऱ्या बोटांसाठी.

फोन नंबर नुसता छापू नका, त्यामागे लिंक द्या. बोट लावलं की थेट डायल व्हायला हवं. नंबर देवनागरी अंकांत छापला असला तरी मागच्या लिंकमध्ये आंतरराष्ट्रीय अंकच लागतात. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये ९१ आणि पुढे दहा अंक सलग लिहायचे. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. हे सगळं झाल्यावर स्वतः दाबून बघा. एका चटणीवाल्या ताईंच्या साइटवरचं व्हॉट्सॲपचं बटण सहा महिने टेम्प्लेटमधल्या नमुना नंबरवर जात होतं. त्यांना वाटत होतं, ऑनलाइन कोणी चटणी घेतच नाही.

दोन बोटांनी फोटो मोठा होतो का? काही डेव्हलपर ते मुद्दाम बंद करतात, डिझाइन बिघडतं म्हणून. चालू करून घ्या.

अडवू नका

पान उघडताच पॉप-अप नको. गूगल जानेवारी २०१७ पासून मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा पानांना शोधात मागे टाकू शकतं. आपोआप वाजणारी सनई किंवा व्हिडिओ असेल तर आज काढा, त्याबद्दल अधिक बोलण्यासारखं काही नाही. नोटिफिकेशनची परवानगीही पहिल्या क्षणी मागू नका. अजून नाव माहीत नाही आणि घरी रोज यायची परवानगी कसली?

दर आणि फॉर्म

"दरासाठी संपर्क करा" हे वाक्य मालकांना हुशारीचं वाटतं. गिऱ्हाइकाला त्याचा अर्थ कळतो तो असा की माणूस बघून दर ठरणार. घाऊक दर बदलते असतात हे मान्य, पण "शंभर नगांपुढे अमुकपासून" एवढं तरी लिहा आणि तारीख टाका. दरपत्रक पीडीएफमध्ये ठेवू नका. फोनवर ती फाइल उतरते, कुठे जाते ते सापडत नाही आणि सापडली तरी अक्षरं मुंगीएवढी.

चौकशीच्या फॉर्मात किती रकाने आहेत ते मोजा. नाव, फोन, काय हवंय: तीन पुरे. ई-मेल सक्तीचा करू नका, आपल्याकडचं अर्धं गिऱ्हाईक तो मुलाला विचारून सांगतं. फोन आणि पिनकोडच्या रकान्यात आकड्यांचाच कीबोर्ड उघडायला हवा. रकान्याचं नाव रकान्याच्या बाहेर, वरती लिहा. आत फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करायला लागताच नाहीसं होतं. रकान्यातल्या अक्षराचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर आयफोन सगळं पानच मोठं करतो आणि माणूस भरकटतो. चूक झाली तर "अवैध इनपुट" असं म्हणू नका, "फोन नंबरात एक अंक कमी आहे" असं म्हणा. भरलेलं पुसून टाकणारा फॉर्म तर शत्रूलाही देऊ नये.

साइटवरूनच विक्री होत असेल तर काही गोष्टी शिष्टाचाराच्या राहत नाहीत, कायद्याच्या होतात. २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार आधीच टिक केलेल्या चौकटीतून संमती घेता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे (डार्क पॅटर्न) १३ प्रकार अधिसूचित केले. "फक्त २ चादरी शिल्लक" असं गोदाम भरलेलं असताना लिहिणं त्यात येतं. शेवटच्या पायरीवर पॅकिंगचा खर्च वाढवणंही येतं. कुरिअरचा खर्च आधीच सांगा. सोलापूरहून दोन चादरी पाठवायला पैसे लागतात, हे गिऱ्हाइकालाही कळतं.

साइटवरचा शिळा मजकूर काढायला पाच मिनिटं लागतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली तरी साइटवर "दिवाळी धमाका" लटकत असेल तर गिऱ्हाइकाला दुकान बंद पडल्यासारखं वाटतं. न चालणाऱ्या लिंका, चुकीच्या जागी टोचलेला नकाशा, "काम चालू आहे" अशी पानं, सगळं काढा.

पाच माणसं बसवा

शेवटी साइट अनोळखी हातात द्या. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं की पाच माणसांकडून चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी समोर येतात. माझा अनुभव तोच आहे. फक्त ती पाच माणसं तुमच्या धंद्यातली नकोत. एकेकाला वेगळं बसवा, एक काम द्या आणि गप्प राहा. "साइट कशी वाटली?" असं विचारलं की सोलापुरात सगळे "भारीये" म्हणतात. म्हणून विचारायचं नाही, बघायचं. बोट कुठे थांबलं, मागे किती वेळा गेले, कुठे कपाळाला आठी पडली, एवढं लिहा.

त्या टॉवेल कारखान्याची साइट मी याच क्रमाने पुन्हा केली आणि फोन मालकांच्या वहिनींच्या हातात दिला. काम दिलं होतं, लॉजसाठी शंभर पांढरे टॉवेल मागवायचे. त्या टॉवेलच्या फोटोवर बोट दाबत राहिल्या, एकदा, दोनदा, तीनदा. काहीच होईना. मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. शेवटी त्याच म्हणाल्या, "फोटो दाबल्यावर मोठा व्हायला नको का ओ?"

तो आता मोठा होतो. हुबळीचा व्यापारी फोटो अजूनही व्हॉट्सॲपवरच मागतो, पण आता साइटवर बघून मालाचा नंबर आधी लिहून पाठवतो.